आगाशीच्या अंगणातला एक शब्द

रेजिना लोपीसबाईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्या इतिहासाच्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्या होत्या आणि मी विरारच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवायला नुकतीच लागले होते. एके दुपारी स्टाफरूममध्ये येऊन त्या म्हणाल्या, "तुम्ही धर्मादाय संस्थांचं व्यवस्थापन शिकवता ना? मला संस्था काढायचीय. चालवतात कशी, ते येत नाही." मला वाटलं, एखाद-दुसरं पुस्तक हवं असेल. दुसऱ्या दिवशी बाई वही घेऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. वर्षभर बसल्या. ठराव आणि इतिवृत्त यांतला फरक मी घाईत उरकला, तर हात वर करून म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा एकदा." तेव्हापासून मी तयारीशिवाय वर्गात गेले नाही.

संस्था निघाली, ती विद्यार्थ्यांनीच चालवायची या अटीवर. आगाशी, वटार, जूचंद्र अशा गावांत जायचं, माणसांशी बोलायचं आणि तो इतिहास ब्लॉगवर मांडायचा. ब्लॉग क्रिप्टोचलनावर चालणारा. वाचकांनी लेखाला पसंती दिली की संस्थेच्या खात्यात डिजिटल नाणी जमा होतात; आणि एकदा लिहिलेलं असंख्य संगणकांवर नोंदलं जातं, कायमचं. पुढे दुरुस्ती जोडता येते, पण मूळ मजकूर पुसता येत नाही. सत्तरीकडे झुकलेल्या बाई हे सगळं मुलांकडून शिकल्या. नाण्यांचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. "वहीत चुकलं की पान फाडतात," त्या म्हणायच्या. "इथे फाडता येत नाही. म्हणजे मुलं आधी विचार करतील."

मुलं विचार करतातच असं नाही, हे आम्हाला आगाशीत कळलं.

विरारच्या नव्या वस्तीत वाढलेली आमची सायली हुशार मुलगी. तिने यमुनाकाकींवर लेख लिहिला. काकी राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, सुकेळी करतात. लेख सुरेखच होता. शीर्षक होतं, 'आगाशीची शेवटची सुकेळीवाली'. ब्लॉगवर टाकण्याआधी तो मी वाचला होता आणि मलाही काही खटकलं नाही. भरभरून पसंती मिळाली.

यमुनाकाकींच्या जाऊबाई सुमनकाकी कुंपणापलीकडे राहतात. त्याही सुकेळी करतात. नातवाने लेख वाचून दाखवल्यावर त्यांनी कुंपणावरूनच विचारलं, "मग मी अंगणात काय वाळवते गो, कापडं?" यमुनाकाकींनी असं काही सांगितलंच नव्हतं. पण जाऊबाईंना ते पटेना. एका ताटात जेवलेल्या त्या दोघींचं बोलणं बंद झालं.

सायली रडत आली. "लेख काढून टाकू या." काढता येत नव्हता. बाई एवढंच म्हणाल्या, "चला."

आम्ही तिघी सुमनकाकींच्या अंगणात गेलो. सायली पुढे होऊन काही बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "संस्था माझी, चूक माझी. तुमच्या घरात मी भांडण लावलं." सुमनकाकी हसल्या नाहीत. "टीचर, तुम्ही एवढं शिकलात, कुंपणापलीकडे बघायला कोणी शिकवलं नाय?"

"नाही शिकवलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही शिकवा." आणि पाटावर बसून केळी सोलू लागल्या. पहिलंच केळं मधोमध मोडलं.

"असं सोलाल तर खरंच शेवटची ठराल," सुमनकाकी म्हणाल्या. कुंपणापलीकडून हसू आलं. मग यमुनाकाकीच आल्या, आपला पाट घेऊन.

त्यानंतर आठवडाभर बाई रोज तिथे होत्या. सायलीने दुरुस्ती लिहिली: कोण चुकलं, कसं चुकलं, कोणाला दुखावलं. जुन्या शीर्षकासकट ती आजही वाचता येते. त्या लेखाची नाणी वापरायची नाहीत, हा ठराव मुलांनी स्वतः मांडला. आणि नियम झाला, की लेख ज्यांच्यावर, त्यांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना आधी वाचून दाखवायचा. इतकी वर्षं मी ठराव आणि संमती हे शब्द फळ्यावर लिहीत आले. त्यांचा अर्थ मी त्या पाटांजवळ उभी राहून शिकले.

माझ्या आईची स्मृती विरत चालली तेव्हा बाई दर गुरुवारी तिच्याजवळ येऊन बसत. आई माहेरचं काहीबाही बोले. बाई वही उघडून विचारत, "लिहू का?" आई मान हलवेपर्यंत पेन टेकत नसे. कधी ती नाही म्हणे, मग वही मिटून बाई नुसत्या ऐकत. आईला कोणी काही विचारावं, असं तेव्हा मलासुद्धा सुचत नव्हतं. त्या वह्या आज माझ्याकडे आहेत.

बाईंच्या पंच्याहत्तरीच्या निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात कोणीतरी त्यांना 'या पिढीतल्या शेवटच्या व्रतस्थ शिक्षिका' म्हटलं होतं. सायली आता स्वतः शिक्षिका आहे. तिने त्यातला एक शब्द खोडला आणि कागद पुढे सरकवला.

हा लेखही मी नियमाप्रमाणे बाईंना वाचून दाखवला. शेजारी दोघी काकी होत्या. बाई म्हणाल्या, "मोडलेलं केळं राहू द्या, ते खरं आहे." सुमनकाकी म्हणाल्या, "एक नाय, चार मोडली." तेवढी दुरुस्ती इथे जोडते. बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि आमच्या चुका घेऊन त्यांच्या दारी जाण्याचं भाग्य आम्हाला पुढेही लाभत राहो.