वंशावळीत नसलेल्या बहिणी

गोळपच्या आसपास कोणाला हापूसचं कलम बांधून घ्यायचं असलं, की रघू शितपला बोलावतात. बावन्न वर्षांचा सडपातळ माणूस, बोलायला सावकाश. कोणत्या बागेतलं कलम कोणत्या झाडाच्या काडीवरून आलं, हे त्याला तीस वर्षांमागचंही सांगता येतं. माणसांबद्दल मात्र त्याने असा विचार कधी केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी शिमग्यात पालखी नाचवताना त्याचा धाकटा भाऊ हर्षद कोसळला. पालखी बाकीच्यांनी सावरली. हर्षद उठलाच नाही. वय अडतीस. बाराव्याला बहीण दर्शना सगळ्यांदेखत म्हणाली, "राखण चुकवलीस ना दादा? घे आता."

जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा-नारळ द्यायचा, हे काम घरातल्या थोरल्याचं. त्या वर्षी फवारणीच्या गडबडीत रघूकडून ते खरोखरच राहिलं होतं. त्यानंतर दर्शना माहेरी आली नाही आणि रघूने एकही राखण चुकवली नाही.

तरीही यंदा त्याचा मुलगा ओमकार मिरजोळ्याच्या कारखान्यात काम करता करता चक्कर येऊन पडला. रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंनी छातीची इको तपासणी केली. हृदयाचा स्नायू जाड झाला होता.

"कशानं झालं असेल?" रघूने विचारलं.

"बरीच वर्षं रक्तदाब वाढलेला असला तर होतं. झडप अरुंद असली तरी होतं. ओमकारला यातलं काहीच नाही. घरात कोणी अचानक गेलंय का?"

रघूने हर्षदचं सांगितलं. मग चाचरत राखणीचंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "राखणीतलं मला कळत नाही. पण घरातली सगळी नावं घेऊन या. कोण कसं गेलं, तेही लिहा."

रघूने पेटीतली वंशावळ आणली. आजोबांच्या हातची, पाच पिढ्यांची, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"शितपांच्या घरी पाच पिढ्या मुलीच झाल्या नाहीत?"

"झाल्या की. पण त्या सासरी गेल्या. त्यांचं घराणं बदललं."

"आडनाव बदललं हो. हृदय काय माहेरी ठेवून गेल्या?"

रघूला सखूआत्या आठवली. त्याने तिचंही सांगितलं. तिशीत विहिरीवरून हंडा घेऊन येताना वाटेतच गेली होती. विहिरीवरचं काहीतरी बाधलं, असं सगळे म्हणत. हर्षदचा आणि तिचा काही संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बापलेकांचं रक्त जनुकांच्या तपासणीसाठी मुंबईला गेलं. ओमकारमध्ये दोष सापडला, रघूमध्येही. रघूचा स्नायू जेमतेम जाड होता. जन्मभर झाडांवर चढूनही त्याला काही जाणवलं नव्हतं.

"म्हणजे पोराला माझ्याकडून आलं."

"हो. जसं तुम्हाला बहुधा तुमच्या वडिलांकडून आलं. प्रत्येक अपत्याला यायची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी."

"म्हणजे कोयीच्या झाडासारखं," रघू म्हणाला. "कलमात आईचं हमखास उतरतं; कोयीत उतरेल, नाही तर नाही."

आणि मग तो दचकला. दर्शनाची मुलगी शमिका पोलीस भरतीसाठी रोज सकाळी सड्यावरच्या कातळमाळावर धावत होती.

तिथून तो तडक पावस गावात दर्शनाच्या दारात गेला.

"वाट चुकलास काय दादा?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

"चुकलो नाही. शमिकाचं धावणं थांबव. तुझीही तपासणी करायची आहे."

त्याने सगळं सांगितलं. दर्शना सुपातले तांदूळ उगाच निवडत राहिली.

"म्हणजे राखणीनं नाही गेला हर्षद?"

"राखण मी चुकवली, ते खरं. पण हे दुखणं तो जन्मताना घेऊन आला होता."

"आणि मी तुला तीन वर्षं..."

"ते राहू दे."

आतून शमिका ओरडली, "मामा, वीस दिवसांवर भरती आहे!"

"ते डॉक्टरीणबाईंना सांग. मला कमी ऐकू येतं."

दोघींची इको बाईंनी त्याच आठवड्यात केली. शमिकाची चांगली आली, दर्शनाचा स्नायू जाड निघाला. पण रक्ताचं उत्तर येईपर्यंत बाईंनी शमिकाला धावू दिलं नाही. ती मामाशी बोलेना. अठराव्या दिवशी उत्तर आलं. दर्शनात दोष होता, शमिकात नव्हता. पोरगी रिक्षातून उतरली ती थेट सड्याकडे गेली. दर्शना मात्र गोळ्यांची चिठ्ठी हातात धरून पायरीवर बसली.

"मला पायऱ्या चढताना धाप लागायची," ती म्हणाली. "वयानं असेल म्हणून सोडून द्यायची मी."

रघू तिच्या शेजारी बसला. "सखूआत्याला दोन मुली होत्या ना?"

"आंजर्ल्याला दिल्यात दोघी."

"घर ठाऊक नाही मला."

"तुला कशाला ठाऊक असेल?" दर्शना डोळे पुसत म्हणाली. "मला आहे. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. आणि हे बघ, तिथं तू बोलू नकोस. मीच सांगेन."