राब म्हणजे पड नव्हे

पळसखोंडची माहिती मी लिहिली, आणि तिच्यात जी चूक आहे ती माझीच आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी सरपंच अनिलला किंवा तालुक्याला बोल लावायला नको.

ग्रामसेविका म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. मी भिवंडीजवळची. आमचीही शेतं होती म्हणे, पण माझ्या जन्माआधीच त्यांवर गोदामं उभी राहिली. त्यामुळे भात मला ठाऊक तो ताटातला. तरी इथे आल्या आल्या मी चारचौघांत सांगून मोकळी झाले होते, "मीपण शेतकऱ्याचीच मुलगी आहे." लोक हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

गावाच्या माहितीचा नमुना बावीस पानी होता. घरं एकशे एकतीस. माणसं सहाशे बारा. विहिरी चार, त्यातली एक होळीनंतर आटते. शाळा चौथीपर्यंत. खर्डी स्टेशन नऊ किलोमीटर, रिक्षा मिळाली तर. गाव असं रकान्यांत बसवताना आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. सतराव्या पानावर मात्र मी अडले. गावाच्या मागे अडतीस एकरांचा माळ आहे, सगळीकडे ऐनाची झाडं, म्हणून ऐनाचा माळ. तो कुणा एकाचा नाही, अख्ख्या गावाचा. तर तिथं पीक कोणतं?

माळावर जाऊन बघायचं सोडून मी माळाच्या वाटेवरच्या पहिल्या घरी गेले. ओटीवर एक बाई सुपात वरी पाखडत होती. साठीची, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं.

"आजी, माळावर काय होतं?" मी अंगणातूनच विचारलं.

"आजी असंल तुज्या घरी. मी गिरजा," ती म्हणाली. "माळावर व्हय? राब गो. निसता राब. दुसरं काय व्हनार?"

नुसता राब! मी ऐकलं ते असं की, बिचारी म्हणतेय, राबराब राबायचं आणि पिकत काहीच नाही. मला तिची दयासुद्धा आली. कार्यालयात येऊन रकान्यात लिहिलं: पड. वापर नाही. आणि माहिती पाठवून दिली.

डिसेंबरात पत्र आलं. पळसखोंडमध्ये अडतीस एकर पड जमीन असल्याचं दिसतं, ती सौर प्रकल्पासाठी योग्य आहे, सभोवार कुंपण घालून काम सुरू करता येईल, तरी ग्रामसभेची ना हरकत कळवावी. आमचा सरपंच अनिल खूश झाला. माणूस वाईट नाही. गावात दिवसा वीज येईल, चार पोरांना काम मिळेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. सव्वीस जानेवारीच्या सभेत विषय घ्यायचं ठरलं. मी सूचना टाइप केली आणि फळ्यावर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई कार्यालयात आली. कमरेला मागे लाकडाची आकडी बांधलेली, तिच्यात कोयता अडकवलेला. चौथी शिकलेली आहे, वाचता येतं.

"पड कुनी लिवलं?"

"मी."

"मी तुला काय सांगितलं व्हतं?"

"राब."

"मंग?"

मी मला कळलेला अर्थ सांगितला. ती आधी हसायला लागली, मग एकदम थांबली. "चल," म्हणाली. मी टेबलावरचं काम दाखवलं, तर म्हणाली, "तेच काम तुला पायानं करायला नेतय."

माळाच्या वाटेवर तिने मला राब शिकवला. थंडीत ऐनाच्या पानासकट फांद्या तोडायच्या. हे टहाळ. त्याच्या मुळ्या, म्हणजे भारे, बांधून वाळवायच्या. मग खाचराच्या कडेला एका तुकड्यावर शेण, टहाळ, वाळल्या पानांचा पातेरा, गवत असे थर पसरायचे, वरून माती टाकायची आणि उन्हाळ्यात भाजायचं. त्या भाजलेल्या मातीत भात पेरायचं. त्याचं रोप उपटून सगळ्या खाचरांत लावायचं. तो भाजलेला तुकडा म्हणजे राब, आणि त्यात भाजायला जे लागतं त्यालाही राबच म्हणतात.

"माळ नाय तं राब नाय. राब नाय तं रोप नाय," ती म्हणाली. "आनि रोप नाय तं तुज्या बावीस पानांत भात कशाला लिवलास? तोपन खोड."

मी म्हटलं, हल्ली न भाजता गादीवाफ्यावरही रोपं करतात, कृषीवाले तसं सांगतात.

"करू दे की ज्याला करायचाय. मी कुनाचा हात धरलाय? पन माजा माळ कुंपनात घालून मंग मला शिकवू नको."

एका ऐनापाशी थांबून तिने खोडावर थाप मारली आणि म्हणाली, "ह्या झाडावर पयल्यांदा चढले तवा मी तेवीस वर्सांची व्हते."

तिचं माहेर मुरबाडकडचं. नवरा महादू कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होता, पंधरवड्याने घरी यायचा. टहाळ तोडणं पुरुषांचं काम, बाईने खाली उभं राहून मुळ्या बांधायच्या. त्या साली महादूला सुटी मिळाली नाही. थोरला दीर कोंडू म्हणाला, आधी माझी झाडं, मग तुमची बघू. बघता बघता शिमगा जवळ आला. टहाळ वाळायलाही दिवस लागतात. गिरजाने पंधरा दिवस वाट पाहिली आणि सोळाव्या दिवशी नवऱ्याची आकडी कमरेला बांधून सरळ झाडावर चढली.

गावात गहजब झाला. बाई झाडावर असताना खालून जायचं कसं, म्हणून पुरुषांनी त्या दिवशी माळच सोडला. कोंडूने घरी येऊन तिच्या सासूला सुनावलं, "तिला सांगा, आमच्या घरच्या बाया झाडावर चढत नाय." चार जाणत्यांनी ठरवलं की तिने गावदेवीला नारळ देऊन चूक कबूल करावी.

"मग दिलात नारळ?" मी विचारलं.

"दिला की. पन माफीचा नाय. म्हनलं, आई, झाड दिलंस, हात दिलेस, म्हनून हा तुला. ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं."

तेव्हापासून गावात तिचं नाव वांदरी गिरजा. महादू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी दर थंडीत ती स्वतःचं टहाळ स्वतःच तोडते. ज्यांच्या घरी चढणारं कुणी नाही, त्यांचंही तोडून देते. धोंडूबाईचा मुलगा कल्याणला राहतो, तिचा राब गिरजाच्या जिवावर. कोंडू मात्र एकोणचाळीस वर्षांत गिरजाशी समोरासमोर बोलला नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगावं तसं, "तिला सांगा." आणि ती झाडावर असली की तो त्या झाडाखालून जात नाही, लांबून वळसा घालतो. सरपंच अनिल त्याचाच मुलगा.

कार्यालयात परतल्यावर मी चूक दुरुस्त करायला संगणक उघडला. रकान्यात निवडायच्या यादीत भात होतं, नाचणी होती, वरी होती, गवत होतं, पड होतं. राब नव्हता.

"गवत लिहू का?" मी गिरजाला विचारलं. "गवतही असतंच ना तिथं."

"तुजं नाव दिशा. मी उषा म्हनून हाक मारली तं वळशील?"

आणि तसंही काही लिहिता येणार नव्हतं. माहिती वर गेली होती, पान बंद झालं होतं. आता ग्रामसभेने ठराव केला तरच दुरुस्ती. म्हणजे सगळं सव्वीस तारखेवर येऊन ठेपलं. ती सभा हो म्हणाली की माळाला कुंपण, आणि पुढच्या पावसाळ्यात एकशे एकतीस घरांनी रोप कुठून आणायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं.

सव्वीसला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली आणि तिथेच सभा बसली. एकशे चार जणांच्या सह्या झाल्या. अनिलने पत्र वाचून दाखवलं. बरेचजण मान हलवत होते, कारण दिवसाच्या विजेला नाही कोण म्हणणार? मी उभी राहून पड ही माझी चूक आहे असं सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "मॅडम, लिवलेलं आता कसं बदलनार?"

गिरजा उठली. "माळ पड नाय. तिथं राब हाय."

"काकी, मला म्हायती हाय," अनिल म्हणाला. "पन वापर हाय त्याचा पुरावा काय? कागद हाय काय?"

पहिल्या रांगेत खुर्चीवर कोंडू बसला होता, शहात्तर वर्षांचा, हातात काठी. तो समोर झेंड्याकडे बघत म्हणाला, "तिला सांगा, बसून बोल म्हनावं."

"बसून लय बोलून झालं," गिरजा म्हणाली. "पुरावा माळावर उबा हाय. मी चालले. सभेला पुरावा बघायचा असंल तं सभेनं यावं." आणि कोयता आकडीत अडकवून ती खरंच चालू लागली.

अनिल माझ्याकडे बघायला लागला. सभेच्या इतिवृत्ताची वही माझ्या काखेत होती. मला अचानक सुचलं की वही जिथे जाईल तिथे सभा जाईल. मी उठले. नियमात बसतं की नाही ते मी अजूनही शोधलेलं नाही. माझ्यामागे बायका निघाल्या, मग पोरं, मग पुरुष, काही गंमत बघायला, काही खरोखर. अनिलला यावंच लागलं.

गिरजाने कासोटा आवळला आणि बोलता बोलता ऐनावर चढली. वय बासष्ट. मला खाली उभं राहून घाम फुटला.

"ह्यो वण बघ, अनिल," ती वरून ओरडली. फांद्यांच्या बुडाशी तोडीच्या खुणा होत्या, एकीवर एक, जुन्या काळवंडलेल्या, नव्या तांबूस. "ह्यो गेल्या सालचा. ह्यो त्याच्या आदीचा. ह्यो माज्या सासऱ्याच्या हातचा, तुज्या आज्याच्या! ते समोरचं झाड धोंडूबाईचं. पलीकडचं लखमाचं. त्या वाकड्याच्या टहाळावर तुज्या घरचं भात झालंय, तू खाल्लायस ते. आनि कागद मागतोस?"

"काकी, खाली ये. पडशील!"

"पड त्या मॅडमच्या पुस्तकात हाय! हितं कोन पडत नाय!"

लोक खो खो हसले. मीसुद्धा. आणि मग गिरजाने बोलणं थांबवून तोडायला सुरुवात केली. खाड खाड आवाज, आणि एकेक फांदी खाली. फांद्या पडत राहिल्या, पण उचलायला कुणी पुढे होईना. बायका पुरुषांकडे बघत होत्या आणि पुरुष जमिनीकडे. वर बाई, खाली कसं जायचं? एकोणचाळीस वर्षांपूर्वीची लाज अजून तिथेच उभी होती. मला इतका राग आला की वही टाकून मीच जाणार होते.

तेवढ्यात कोंडू निघाला. काठी टेकत गर्दीतून वाट काढत तो झाडाखाली आला, तिच्या अगदी खाली. काठी खोडाला टेकवून ठेवली. कष्टाने वाकून एक फांदी उचलली, बाजूला नीट रचली, दुसरी उचलली. मग मान वर करून म्हणाला,

"गिरजा, शेंडा राख गो."

ऐनाचा शेंडा कधी तोडत नाहीत, तोडला तर झाड मरतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिला सांगायची गरजच नव्हती.

वरचा कोयता थांबला. "राखलाय, भावजी," ती म्हणाली. "कदी तोडला व्हता?"

मी रडले. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी बघितलं. मग बायका पुढे झाल्या, मुळ्या बांधायला बसल्या. कुणीतरी घरून कोयते आणले, चार बाप्ये आपापल्या झाडांवर चढले. लखमाच्या सुनेने पदर खोचला आणि तीपण चढली, कुणाला न विचारता. अनिल बराच वेळ उभा होता. मग त्याने खादीचं जाकीट काढून फांदीला अडकवलं आणि बापाच्या हातातली मुळी घेतली.

"लिवा मॅडम," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ठराव."

हाताने लिहायच्या वहीत यादी नसते. मी दगडावर बसून लिहिलं: ऐनाचा माळ पड नाही. वापर: राब. सभा चालू असताना उपस्थित ग्रामस्थ माळावर टहाळ तोडत होते. सौर प्रकल्पास ना हरकत नामंजूर.

"सूचक कोण?"

"आनि कोन असनार?" झाडावरून आवाज आला.

मी लिहिलं: गिरजा महादू वेखंडे. "अनुमोदक?"

कोंडूने लुंगीला हात पुसले, वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने नाव घातलं. त्याच्या बोटांचा चीक अजून त्या पानावर आहे.

तालुक्याहून दुसरं पत्र येईल. आलं तर येऊ दे, ह्या वहीची नक्कल मी तयार ठेवली आहे.

"वाच," गिरजा वरून म्हणाली. मी मोठ्याने वाचलं.

"आनि ते पड?"

मी वहीतच ठेवलेली माहितीची गावातली प्रत काढली, सतरावं पान उघडलं, त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, राब. "खोडलं."

"खोडलेलं दिसतंय का?"

"दिसतंय. नवीन पान लावू का?"

"नको," ती म्हणाली आणि पुढच्या फांदीवर सरकली. "दिसू दे. तुज्यामागनं येनारीला समजंल, माळ न बघता लिवलं तं काय व्हतंय."