जिल्ह्यात दुसऱ्या

मैदानावर दहा-बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. माझे बहुतेक पोरींनीच जपून ठेवलेत, कारण त्यांत येडी ठरते ती मीच.

नांदेडला कॉलेजकडून कबड्डी खेळताना माझा गुडघा गेला. मग मुखेडला घरी आठ महिने भिंतीकडं तोंड करून पडून. कुणाशी बोलायचंही न्हाई. शेवटी बाबा म्हणाले, "लातूरच्या कॉलेजात पोरींना कबड्डी शिकवायला बाई पाहिजे. पाय गेला, तोंड तर शाबूत हाय ना?"

गेले.

*

पहिल्या दिवशी मी जिद्दीवर अर्धा तास भाषण ठोकलं. संपल्यावर चाकूरची कुसुम उठली.

"मॅडम, तुमचा पाय कशानं गेला?"

"कबड्डीनं."

"मग आमाला बी तेच शिकवणार?"

*

त्या साली दुष्काळ. प्यायला पाणी नव्हतं, मैदानावर कुठून शिंपडणार? जमीन दगडासारखी, पडलं की कातडं सोलायचं. मी फर्मान काढलं, "पाऊस येईपर्यंत कुणी पडायचं न्हाई."

कुसुम म्हणाली, "मग पकडायचं कसं? विनंती करून?"

दुसऱ्या दिवशी तिचे काका बैलगाडीभर भुसभुशीत माती घेऊन हजर. "पेरणी तर झाली न्हाई," ते म्हणाले, "माती तरी खेळू द्या."

प्राचार्य येऊन बघून गेले. "छान कल्पना. तुमची?"

"हो सर," मी म्हणाले. मागं सात जणींना एकदम खोकला आला.

*

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. आधी निवडीला उस्मानाबादला जावं लागायचं, आता सामने दारातच. आम्ही थेट फायनल खेळलो, सपाटून हरलो. तरी मी बाबांना ऐटीत कार्ड टाकलं, "जिल्ह्यात दुसऱ्या आलो."

उलट टपाली उत्तर आलं. "अभिनंदन. टीम एकूण किती होत्या?"

दोन.

*

पुढच्या सामन्याआधी सरावाला चढाई करणारी एक पोरगी तापानं पडली. कुसुम म्हणाली, "मॅडम, तुम्हीच या."

गुडघा गेल्यापासून मी रेषेच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. साडी खोचली, दम धरला आणि शिरले. एकेकीला हात लावत गेले. सातही जणी मुकाट बाद होऊन बाहेर. मला वाटलं, अजून हाय आपल्यात काहीतरी. दुसऱ्या चढाईलाही तेच. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

"मी काय काचेची हाय का? धरा की."

तिसऱ्या चढाईला सातही जणी अंगावर आल्या. तोंड मातीत, दम गेलेला, पाठीवर सगळी टीम.

कुसुम घाबरली. "उठा गं, मॅडम रडायल्यात."

"रडत न्हाई," मी खालून म्हणाले. "जरा वेळ उठू नका."