सोरोनकुल आगायांची बरगडी

आमच्या नारिनमध्ये माणसाची लायकी मेंढीच्या हाडांवरून कळते. मेजवानीत कोणाच्या पुढ्यात कोणतं हाड आलं, यावरून त्याचं वय, मान आणि सासरी त्याला कितपत विचारतात, सगळं उघड होतं. कमरेचं हाड, म्हणजे जांबाश, सर्वांत वडीलधाऱ्या आणि शहाण्या माणसाला. मग मांडी, मग खांदा, आणि उतरत उतरत शेवटी दाराजवळच्या मंडळींना बरगडी. मी विद्यापीठात भूगोल शिकवतो, म्हणून खांद्याच्या जरा खाली असतो. तक्रार नाही.

इतिहासाचे सोरोनकुल आगाय, म्हणजे आमच्या भाषेत सोरोनकुल सर, मात्र कायमचे जांबाशवाले. थोडं खायचं आणि उरलेलं पिशवीत घालून घरी न्यायचं, ही रीत. त्यांची बायको बुरुलकान दारातच पिशवी उघडून बघायची. नवऱ्याची विद्वत्ता तिने कधी वाचली नव्हती, पण जन्मभर चाखली होती.

आगायांनी उभ्या आयुष्यात या खोऱ्यातली घराणी, कुरणं आणि भांडणं लिहून काढली. नारिनमधल्या प्रत्येक लग्नात काचकिन नावाचा भाषणबहाद्दर उभा राहून जे काही ठोकून द्यायचा, ते सगळं आगायांचंच. नाव तेवढं घ्यायचा नाही. वाऱ्याला मालक असतो का, असं त्याचं म्हणणं.

मग एर्नाझार नावाचे नवे उपकुलगुरू आले. विद्वानांचं वजन करण्याची विद्या ते राजधानीतून शिकून आले होते. किती जणांनी आपल्या लेखात तुमचा उल्लेख केला आणि किती जणांबरोबर मिळून तुम्ही लिहिलंत, या दोन आकड्यांत माणूस संपला. आगायांचे आकडे निघाले. सहलेखक, एकही नाही. उल्लेख एक, आणि तोही कुठल्याशा पशुवैद्याने घोड्यांच्या खुरांच्या रोगावर लिहिताना केलेला. याउलट त्यांचाच विद्यार्थी नुरदोलोत, मिशी अजून नीट फुटायची होती, तो विद्यापीठात पहिला आला. त्याचे मित्र तालासपासून ओशपर्यंत पसरलेले. सगळे मिळून एक लेख लिहायचे आणि मग पुढच्या लेखात प्रत्येक जण उरलेल्यांचा उल्लेख करायचा. बैठकीत चहाची वाटी फिरावी, तशी कीर्ती फिरत होती.

नोरूझच्या सणाला विद्यापीठात मेंढी पडली. मांस वाटणाऱ्याला एर्नाझारांनी बजावलं, यापुढे हाडं आकड्याप्रमाणे. जांबाश नुरदोलोतच्या पुढ्यात आलं. दुसऱ्याचं रडणारं मूल मांडीवर ठेवावं, तसा बिचारा ते सांभाळत बसला. आगायांना बरगडी मिळाली.

घरी बुरुलकानने पिशवी उघडली.

“हे कोणाचं?”

“माझं.”

तिने पिशवी शांतपणे बंद केली. “बाई कोण आहे?”

एका दुपारीत माणूस जांबाशवरून बरगडीवर येतो, याला तिच्या मते दुसरं कारण असू शकत नव्हतं. आगायांनी आकड्यांचा सगळा प्रकार समजावला. ती म्हणाली, “म्हणजे लोक तुमचं खातात आणि नाव घेत नाहीत. एवढंच ना? बघते मी.”

त्याच आठवड्यात नुरदोलोत उपाय घेऊन आला. त्याच्या मित्रमंडळींच्या पुढच्या लेखात आगायांनी शेवटचं नाव द्यायचं, एक ओळही लिहायची नाही. आगायांनी त्याला मायेने चहा पाजला आणि विचारलं, “बाळा, एका वाक्याला इतके बाप असतात का रे?”

बुरुलकान तोवर काचकिनकडे जाऊन आली होती. काय बोलणं झालं कोण जाणे, पण पुढच्याच लग्नात त्याने प्रत्येक वाक्य “सोरोनकुल आगाय म्हणतात” असं सुरू केलं. महिन्याभरात गावाला ती खोडच लागली. सोरोनकुल आगाय म्हणतात, यंदा बटाटा महागणार. सोरोनकुल आगाय म्हणतात, दात दुखत असेल तर पश्चिमेकडे बघू नये. एका ड्रायव्हरने तर आगायांच्या नावावर घाटात गाडी घालायलाच नकार दिला. आगाय बाजारातून मान खाली घालून जायचे. विद्यापीठात मात्र उल्लेख एकच राहिला. खुरांवरचा.

अशात एर्नाझारांच्या मुलाचं लग्न निघालं. आगाय दाराजवळ, त्यांच्या नव्या जागी बसले होते. काचकिन रंगात आला. “सोरोनकुल आगाय म्हणतात, ही दोन्ही घराणी एकाच रक्ताची! वराचा सातवा पूर्वज बोलुश, वधूचाही सातवा पूर्वज तोच बोलुश!”

टाळीसाठी तो थांबला. टाळी आली नाही. सात पिढ्यांच्या आत आमच्याकडे लग्न होत नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. वधूच्या आजीने तोंडाजवळ नेलेला बोरसोक, कणकेचा तळलेला तुकडा, परत ताटात ठेवला आणि डोक्यावरचा रुमाल करकचून बांधला. वधूचे भाऊ दाराशी बूट शोधू लागले.

एर्नाझार धावत आगायांपाशी आले. “आगाय, हे खोटं आहे म्हणून सांगा.”

“मी बरगडीचा माणूस, साहेब. माझ्या शब्दाला वजन ते किती? नुरदोलोतला विचारा.”

नुरदोलोतला उभं केलं. दुसऱ्याचे राहू देत, तो आधी स्वतःचे पूर्वज बोटांवर मोजू लागला. पाचव्यापर्यंत ठीक गेला. सहाव्याला त्याने तालासच्या सहलेखकाचं नाव घेतलं.

तेवढ्यात नवरी रडू लागली. आगायांनी टोपी सारखी केली आणि उठले.

“काचकिन, हे मी कोणत्या पानावर लिहिलंय?”

“पान नाही, आगाय. बुरुलकान ताईंनी सांगितलं, काय वाटेल ते बोल, पण नाव घे.”

बायकांच्या बाजूला बुरुलकानला एकाएकी घरची गाय आठवली आणि ती निघून गेली.

आगायांनी दोन्हीकडचे पूर्वज एकेक करून घडाघडा म्हटले. वराकडे बोलुश निघाला नववा. वधूच्या वंशात तो नव्हताच. तो फक्त एकदा त्यांचे घोडे पळवून गेला होता. आजीने रुमाल सैल केला आणि बोरसोक उचलला.

मग मांस आलं. वाटणारा जांबाश हातात धरून उभा राहिला. “साहेब, आकड्याप्रमाणे?”

एर्नाझारांनी नुसतीच हनुवटी दाराकडे वळवली. जांबाश आगायांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं नुरदोलोतनेच, मानेवरचा धोंडा उतरवावा तसं.

आता ज्याचं जांबाश, त्याने ते कापून आजूबाजूला वाटायचं असतं. आगायांनी नुरदोलोतला दिलं, काचकिनला दिलं, एर्नाझारांना दिलं, मलाही दिलं. वधूच्या भावांना तर दोनदा दिलं.

घरी बुरुलकानने पिशवी उघडली. जांबाशच होतं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं.

“मांस कुठंय, म्हातारबा?”

“सहलेखकांनी खाल्लं.”

“नाव घेतलं का?”

“तोंडं भरलेली होती,” आगाय म्हणाले.