बांधावरचा जख्या

आमच्या गावात सतेसुरीकाकीच्या तोंडाला लागायची हिंमत एकाच बाईत होती: तिची मोठी जाऊ बिसंबरी. दोघींची अंगणं शेजारी, आणि वैर कशावरून, तर जख्यावरून.

जख्या म्हणजे पिवळ्या फुलांचं रानगवत. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. पावसाळ्यात आपोआप माजतं, हाताला चिकटतं, वासही उग्र. पण त्याचे काळे दाणे तेलात तडतडले की गढवाली माणूस ताटाकडे सरकलाच.

दोघींच्या शेतांमधल्या दगडी बांधावर तो भरघोस यायचा. एकदा शेंगा तडकायच्या आत काकीने सगळा ओरबाडून नेला. बिसंबरी अंगणात येऊन ओरडली, "बांध माझ्या नवऱ्याचा आहे, सतेसुरी!"

"बांध असेल, दीदी. जख्या काय त्याने पेरला?"

तेव्हापासून बोलणं बंद. पाण्याच्या धाऱ्यावरसुद्धा दोघी पाठीला पाठ लावून कळशा भरायच्या.

मग काही वर्षांनी बिसंबरीच्या मुलीचं, अंजूचं, लग्न निघालं. त्या वर्षी बिसंबरीचे गुडघे धरले होते, बांधावर जाणं झालं नाही, त्यामुळे घरात जख्याचा दाणा नव्हता. काकीकडे मागणं तर शक्यच नव्हतं. कोटद्वारहून आलेल्या आचाऱ्याने कढई तापवली आणि अरबीच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, भाजीसाठी जिऱ्याचा डबा उघडला. मी तिथेच अरबी सोलत बसले होते. आपल्या अंगणातून काकी मान उंचावून बघत होती. तिला राहवेना. ती तडक मांडवात शिरली.

"जिरं? वऱ्हाड जेवायला येतंय की पथ्यावर आहे?"

आचारी काही म्हणायच्या आत तिने कमरेची पुरचुंडी सोडून मूठभर जख्या तेलात टाकला. असा तडतडला की पानं पुसणाऱ्या बायकाही वळल्या. बिसंबरी लंगडत आली.

"माझ्या बांधावरचा ना?"

"तुझ्याच. घरपोच आणलाय, आता तरी बोल!"

बिसंबरीने ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. भाजी शिजल्यावर रस्सा चाखून म्हणाली, "मीठ कमी आहे." काकी म्हणाली, "जीभ दाखव डॉक्टरला." वऱ्हाड दारात येईपर्यंत मिठावरून जुंपलेली होती.

अंजू जीपमध्ये बसली तेव्हा काकीने असा हंबरडा फोडला की ढोलवालाही थांबला.

"अगं, मुलगी माझी चाललीय!" बिसंबरी म्हणाली.

"रडू दे, दीदी. इतकी वर्षं तिच्याशी धड बोलताही आलं नाही मला."

बिसंबरीने काकीचा हात धरून तिला पायरीवर बसवलं आणि स्वतःही टेकली. भांडी तशीच पडली होती, पण त्या दोघींना हाक मारायला कुणी धजावलं नाही.