साडूंची पानं कोण बघतं?

आमच्या साडूंइतका संशयी माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडू आधी त्याच्यावर संशय घेतील. तसा दोष त्यांचा नाही. उभी नोकरी जमीनमोजणीत गेली. आपण पुढे गेलो की मागे बांधाचा दगड हातभर सरकतो, हे ज्याने तीस-पस्तीस वर्षं पाहिलं, त्याने दुधाच्या पिशवीकडे तरी निर्मळ मनाने कसं बघावं? वेल्ह्याच्या बाजारात ते आंबेमोहोराची मूठ नाकाशी धरतात आणि विकणाऱ्या बाईला विचारतात, "वास आतला आहे की वरून मारलाय?" डॉक्टरांनी रक्तदाब ठीक आहे म्हणून सांगितलं, की ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, दुसऱ्यांनीही तेच सांगितलं, की दोघे एकमेकांना सामील आहेत याबद्दल त्यांची खात्री पटते. माझ्या लग्नात त्यांनी माझा हात हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला होता, "खरं शिक्षण किती?" मी खरंच सांगितलं. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

अशा माणसाच्या हाती पोकर पडला. पानशेतला त्यांच्या एका भाच्याचं सुट्टीत राहायचं घर आहे, तिथे ते हा खेळ शिकून आले. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मध्ये पाच उघडी, आणि हातात काही नसलं तरी बरंच काही असल्याचा आव आणून समोरच्याला घाबरवायचं. समोरच्यावर संशय घेणं ज्यात नियमातच बसतं, असा खेळ साडूंना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. दर मंगळवारी दुपारी त्यांच्या भोरच्या घरी आमचा डाव बसू लागला. साडू, मी आणि पालीचे आबा. आबांची राजगडाच्या पायथ्याशी भातशेती आहे आणि सुट्टीच्या दिवशी गड उतरून आलेल्यांना ते पिठलं-भाकरी करून घालतात. मंगळवारी गडावर कोणी नसतं, म्हणून ते एसटीने भोरला यायचे. खेळायला चिंचोके घेत असू, आणि ते चिंचोके दर मंगळवारी साडूंकडून निघून आबांच्या पुढ्यात जात.

एखादा माणूस सतत हरला तर आपलं काय चुकतं याचा विचार करील. साडूंनी घराचा विचार केला. पहिल्या मंगळवारी पानांचा जोड बदलला. दुसऱ्या मंगळवारी भिंतीवरचा आरसा उतरवला. मग शोकेसच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलं. पंख्याच्या वाऱ्याने पानांचे कोपरे उचलले जातात म्हणून भर वैशाखात पंखा बंद झाला. एकदा त्यांना माझ्या चष्म्यात स्वतःचा बदामाचा गुलाम दिसला, तेव्हापासून मी चष्मा काढून खेळू लागलो आणि इस्पिकला किलवर समजून दोन डाव घालवले. ते दोन डाव सोडले, तर साडू हरतच राहिले.

शेवटी घरात बदलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी पानं खाली टाकली आणि म्हणाले, "आबा, तुम्ही माझी पानं बघता."

आबा हसले. "सायेब, म्या कशाला बगू पानं? तुमच्या तोंडाकडं बगितलं तरी पुरं व्हतंय."

हे वाक्य सरळ होतं, पण साडूंना त्यात कबुली दिसली. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या वडिलांनी बांधाचा दगड सरकवला, तुम्ही पानं सरकवा!"

आबांनी हातातली पानं पालथी ठेवली, टोपी घातली आणि "येतो" न म्हणता गेले. तीस वर्षांच्या ओळखीत असं पहिल्यांदाच झालं होतं.

त्या दिवशी आबांना पकडायचं म्हणून साडूंनी बरणीला टेकवून मोबाईल चालू ठेवला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळीच फोन. "या. पुरावा बघू." आम्ही दोघं चित्रीकरण बघत बसलो. आबा खिडकीबाहेर बघत होते, जांभया देत होते, एकदा चक्क पायातला काटा काढत होते. दुसऱ्याच्या पानांकडे त्यांची नजर एकदाही गेली नाही. पण साडू मात्र वेगळेच दिसत होते. बरी पानं आली, की आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचे, "अगं, चहा टाक!" आणि थाप मारताना एकदम अतिशय सभ्य व्हायचे. "आबा, पाणी देऊ का? उशी हवी का पाठीला?"

साडूंनी ते तीनदा बघितलं. तेवढ्यात मागून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "मला तर आत बसून कळतं. चहा सांगितलात की राजाराणी आलेत."

"मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"तुमचा विश्वास बसला असता?"

संध्याकाळी त्यांनी एक वही आणली आणि मोजणीच्या नोंदी लिहायचे तशा सुवाच्य अक्षरात स्वतःच्या चुका लिहिल्या. चहा. सभ्यपणा. हरल्यावर रागाने खेळणे. पुढचे मंगळवार आम्ही दोघंच खेळलो. चहाची खूण मोडायची म्हणून ते कशालाही चहा सांगू लागले. एका दुपारी अकरा कप झाले आणि अक्कांनी गॅस बंद करून टाकला. पण खरी चूक त्यांना शेवटी सापडली. समोरचा मोठी बोली लावून बसला, की शहाणा माणूस कधीकधी पानं टाकून देतो. साडूंना ते जमत नसे. समोरच्याच्या हातात काय आहे हे बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे, म्हणून हरणार हे माहीत असूनही ते म्हणत, "दाखवा!" वहीत त्यांनी लिहिलं, 'न बघता सोडता येत नाही,' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या डावात त्यांनी माझ्या बोलीवर पहिल्यांदा पानं टाकली. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी विचारलंच, "राणीची जोडी होती का हो खरंच?"

भांडणानंतरच्या चौथ्या मंगळवारी ते म्हणाले, "पालीला जाऊ." मी स्कूटर काढली. आबा खाचराच्या बांधावर बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, पण उठले नाहीत. साडूंनी आधी मोबाईल पुढे केला. आबांनी सगळं बघितलं आणि चहाची हाक आली तेव्हा त्यांना हसू आवरेना.

"पहिल्याच दिवशी का बोलला नाहीत?" साडूंनी विचारलं.

"सायेब, पानं चांगली आली की तुमचं त्वांड कसं फुलायचं! ते कशाला घालवायचं म्या?"

साडूंनी मोबाईल खिशात ठेवला. समोरच्या बांधाकडे बघत म्हणाले, "तुमच्या वडिलांबद्दल बोललो, ते खोटं होतं. तुमच्या बांधाची मोजणी मीच केली होती. दगड जागेवर होता."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक म्याच धरलं व्हतं."

मग आबा उठले आणि आम्हाला जेवायला घेऊन गेले. साडूंनी भाकरी वास न घेता खाल्ली.

परत येताना ते मागे इतके गप्प होते, की पडले की काय म्हणून मी दोनदा मागे बघितलं. कापूरहोळला भोरकडे वळायचं, तिथे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सरळ घ्या. किकवीला." किकवीला त्यांचा धाकटा भाऊ राहतो. नऊ वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. कशावरून संशय आला होता, हे मी विचारलं तर म्हणाले, "तेच आठवतोय मघापासून."

भाऊ ओट्यावर सुपात घेवडा निवडत बसले होते. साडूंना बघून त्यांचे हात थांबले. त्यांनी आमच्या मागे आणखी कोण आलंय का बघितलं, साडूंच्या हातात काही कागद आहे का बघितलं, आणि अगदी साडूंच्याच आवाजात विचारलं, "काय काम काढलंस?"

"काही नाही. सहज."

भावाने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग शेजारचं सूप उचलून मांडीवर घेतलं आणि थोडं बाजूला सरकून जागा केली. साडू बसले. दोघांचेही केस पांढरे झाले होते, आणि एकमेकांचे केस ते चोरून बघत होते. मी उगाचच स्कूटर लांबच्या झाडाखाली सावलीत लावायला गेलो.