अण्णांना विचारून सांगतो

आमच्या दाजीबानपेठेत कोणाला काही द्यायचं नसलं किंवा करायचं नसलं, तरी माणसं 'नाही' म्हणत नाहीत. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि इथली तोंडं भाव सांगण्यात आणि दुसऱ्याच्या सुनेचं कौतुक करण्यात दमलेली असतात. मग ती म्हणतात, "अण्णांना विचारून सांगतो."

हे अण्णा म्हणजे वसंतअण्णा मिरजकर. माझ्या दुकानासमोरचं कापडाचं दुकान त्यांचं. माझं मॅचिंग सेंटर आहे, ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल आणि लेस. दोन दुकानांच्या मध्ये एक हातगाडी जाईल एवढीच वाट, त्यामुळे अण्णा देतील तो प्रत्येक सल्ला मला बसल्या जागी फुकट ऐकायला मिळतो. अण्णा फटकळ, पण मनानं साफ, असं लोक म्हणतात. मनाचं मला माहीत नाही, मी काही आत जाऊन बघितलेलं नाही. फटकळ मात्र खरंच आहेत.

शेजारच्या भांडीवाल्यांचा राहुल विचारायला आला, बॅटरीवरची स्कूटर घेऊ का? अण्णा म्हणाले, "धारवाडच्या वाटेवर चार्ज संपला तर ढकलणार कोण? तुझा सासरा?" राहुलचं लग्नही झालेलं नव्हतं, पण त्यानं गाडी घेतली नाही. शाळेची नोकरी सोडून स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढू बघणाऱ्या एका मास्तरांना म्हणाले, "मास्तर, फुकटची पोरं तुमचं ऐकत नाहीत, पैसे भरलेली काय ऐकणार?" पैसे जमा झाले की ओरडून सांगणारी ती डबी घेऊन एक माणूस दुकानात आला, तेव्हा अण्णांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. "आमची मिळकत गल्लीला ओरडून सांगणारा गडी मी पगार देऊनसुद्धा ठेवला नसता," म्हणाले.

नोकरी असो, यंत्र असो, घर असो, अण्णांच्या सल्ल्याला चव एकच. नको. आणि नको म्हणणारा माणूस कधी खोटा पडत नाही. न घेतलेली गाडी बंद पडत नाही, न काढलेला क्लास बुडत नाही. असं करत करत अण्णांचं नाव झालं, आणि त्या नावाचा उपयोग पेठेच्या लक्षात आला.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला ते सांगता येत नाही. मला आठवतात ते बाळाचार्य. त्यांचा भाचा मागे लागला होता, "मामा, मोबाइलवरून पूजा सांगायला लागा, अमेरिकेतले यजमान मिळतील." आचार्यांना मोबाइल सुलटा कसा धरायचा हेसुद्धा माहीत नव्हतं, पण ते भाच्याला कसं सांगायचं? ते म्हणाले, "वसंतअण्णा हो म्हणाले तर माझी काही ना नाही." भाचा अण्णांकडे आला. अण्णांनी "देवाला रेंज येती काय रे?" म्हणून त्याला वाटेला लावलं. सुंठीवाचून खोकला गेला, आणि आचार्य भाच्याचे लाडके मामा राहिले.

मग रीतच पडली. कोणाला पुतण्याला दुकानात घ्यायचं नाही, कोणाला भावाच्या भागीदारीत पडायचं नाही, की सगळे अण्णांच्या पायरीवर. वाईटपणा अण्णांच्या पदरी आणि चांगुलपणा ज्याच्या त्याच्या घरी. पेठेत हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त अण्णांना नव्हतं. ते बायकोला, भारतीवहिनींना, अभिमानानं सांगायचे, "गावात एवढी शिकलेली माणसं आहेत, पण विचारायला माझ्याकडंच येतात." वहिनी पोळ्या लाटत राहायच्या. त्यांनाही माहीत होतं.

सल्ल्याचं दुकान असं जोरात चाललं आणि कापडाचं बसलं. माणसं येतात, ठाण हातात घेऊन पोत बघतात, आणि पायरीवर उभं राहूनच मोबाइलवर दुसरीकडून मागवतात. अण्णांची मुलगी सायली दोन वर्षं सांगत होती, "अण्णा, आपणही फोटो टाकून विकू या." अण्णांचा सल्ला काय असणार ते तुम्हाला आता कळलंच असेल. शेवटी वेळ अशी आली, की एखादी मोठी ऑर्डर मिळाली तर ठीक, नाही तर दसऱ्यानंतर दुकान भाड्यानं द्यायचं. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागा बघूनही गेला होता. अण्णांच्या आजोबांनी मिरजेहून येऊन थाटलेल्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकणार, हे ऐकून त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

गोकुळ रोडला उमेश म्हणून एकाचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कापडाचे नमुने घेऊन ते त्याच्याकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी काही मागायला गेले. परत आले ते चेहऱ्यावर दिवाळी घेऊन. स्वतःच्या दुकानात न जाता थेट माझ्या काउंटरशी आले.

"वत्सला, काम झालं बघ."

"ऑर्डर दिली?"

"दिल्यासारखीच. माल आवडला म्हणाला. आणि पुढं काय म्हणाला ठाऊक आहे? 'अण्णार्न केळि हेळ्तीनि.' दाजीबानपेठेत एक वसंतअण्णा आहेत, त्यांना विचारून सांगतो म्हणाला."

मी लेस मोजत होते, ती हातातून सुटली. आमच्या पेठेतली पळवाट कानडीत जाऊन गोकुळ रोडपर्यंत पोचली होती, आणि बिचाऱ्या उमेशनं ती अण्णांवरच वापरली होती. त्यानं अण्णांना कधी बघितलेलंच नव्हतं. अण्णा गेले होते मिरजकर म्हणून, कार्डावरही नुसतं मिरजकर क्लॉथ.

"मग तुम्ही सांगितलं नाही, की मीच तो म्हणून?"

"कशाला? ओशाळला असता की तो. येऊ दे विचारायला, मग कळंल."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा उमेशची वाट बघायला लागले. रोज इस्त्रीचा शर्ट. आल्यागेल्याला बसायला दिलेली खुर्ची आता कोणाला मिळेना, ती उमेशची होती. आणि गिऱ्हाईक नसलं की अण्णा माझ्याकडे येऊन सराव करायचे. अडचण अशी होती, की अण्णांना हो म्हणायची सवयच नव्हती.

"आपल्याच दुकानाबद्दल आपणच 'घ्या' म्हणायचं, बरं दिसत नाही गं. 'घ्यायला हरकत नाही' म्हटलं तर?"

"म्हणा की."

"'मालक तोंडाचा फटकळ आहे, पण माल चोख आहे. घ्या.' हे कसं वाटतं?"

ते 'घ्या' म्हणताना त्यांच्या घशात काही अडकल्यासारखं व्हायचं. मी अस्तराचं ठाण पुढं ओढून तोंड लपवायची. पहिले काही दिवस मला हसू यायचं, खोटं कशाला सांगू. गावाला तोंडावर खरं सांगत फिरणाऱ्या माणसाला खरं सांगायची छाती एकाचीही नव्हती, ही गंमतच होती. पुढं पुढं मला त्यांची दया यायला लागली, आणि दया आली की मला राग येतो.

दसरा जवळ आला. एका सकाळी अण्णा पुन्हा आले. तोच शर्ट, कॉलरला घामाची रेघ. म्हणाले, "उमेश आजारी तर नसंल? अजून आला नाही." माझा तोल गेला.

"अण्णा, तो येणार नाही. तुमचं नाव घेतलं म्हणजे तो नाही म्हणाला."

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. राहुलच्या वडलांना गाडी घेऊन द्यायची नव्हती, मास्तरांच्या बायकोला क्लास नको होता, सगळं. अण्णा काउंटरला टेकून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बाळाचार्यसुद्धा?"

"बाळाचार्यसुद्धा."

"आणि तू?"

"मी कशाला असलं करू, अण्णा?" मी म्हटलं.

ते वाट ओलांडून गेले आणि पहिल्यांदाच त्या राखलेल्या खुर्चीवर स्वतः बसले. मला वाईट वाटलं. पण खरं बोलल्याचं थोडं समाधानही वाटलं, आणि त्या समाधानात मी एक गोष्ट साफ विसरले.

ती गोष्ट म्हणजे पद्मा. पद्मा माझी नणंद, अळणावरला दिलेली. तिला कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घ्यायचं होतं. डिझाइन घातलं की ब्लाऊजच्या बाह्या आपोआप भरून निघतात. पण अळणावरला तेवढं काम मिळत नाही, म्हणून ते मशीन तिला माझ्या दुकानात मागच्या बाजूला ठेवायचं होतं. दुकान मी चालवायचं, गिऱ्हाईक मी जमवायचं आणि ही येऊन बसणार आयत्या बिळावर नागोबा. पण नणंदेला नाही म्हणून कोणाचं भलं झालंय? आदल्याच दिवशी मी तिला फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "माझं काही नाही गं. अण्णांना एकदा विचार. ते हो म्हणाले, की जागा तुझीच."

दुपारी अळणावरची बस आली आणि पद्मा माझ्याकडे न येता सरळ समोरच्या पायरीवर चढली. मी इकडून हातवारे केले, तिचं लक्ष नव्हतं. मशीनचे फोटो तिनं मोबाइलवर अण्णांना दाखवले. अण्णांनी चष्मा वर करून ते नीट बघितले, चार प्रश्न विचारले. माझे कान तिकडेच होते. त्यांच्या घशातून ते एवढे दिवस घोटलेलं वाक्य बाहेर आलं, आणि काही अडकलं नाही.

"मशीन चांगलं आहे. घे."

पद्माचा चेहरा फुलला. अण्णांनी तिला हातानं थांबवलं.

"पण वत्सलाला तुला जागा द्यायची नाही. म्हणून तिनं तुला माझ्याकडं पाठवलं. हे सगळ्यांचंच असतं, मला आज सकाळी कळलं. तिनंच सांगितलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पद्मा वाट ओलांडून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, खरं का हे?" पन्नास रंगांच्या अस्तरांमध्ये उभी होते, पण माझ्या तोंडाला एकही शब्द मॅच होईना. ती थोडा वेळ थांबली आणि परत समोर गेली. अण्णा सायलीला म्हणत होते, "पुढची मांडणी अर्धी काढ गं. हिचं मशीन इथं बसंल. आणि ते फोटो टाकायचं म्हणत होतीस, ते हिच्या कामाचेही टाक."

दसऱ्याला कव्हरवाला आला नाही, मशीन आलं. दिवसभर समोर खडखड चाललेली असते. मिरजकरांचं कापड, पद्माचं भरतकाम, सायलीचे फोटो. बायका ब्लाऊजपीससुद्धा आता तिकडेच घेतात. उमेशची ऑर्डर आली नाही ती नाहीच. पेठेचे मात्र हाल आहेत. अण्णांकडे कोणी कोणाला पाठवलं, की ते त्याला सांगतात, "तुला पाठवणारा नाही म्हणतोय, घरी जा." बाळाचार्यांच्या भाच्याला हे कुठूनसं कळलं, तो आता मामांशी बोलत नाही.

माझ्या दुकानात माशा हाकायची वेळ आली, तेव्हा परवा मान खाली घालून मीच समोर गेले. म्हटलं, "अण्णा, झालं गेलं विसरा. अस्तर आणि फॉल माझ्याकडून घ्या, तुमच्या गिऱ्हाइकाला एकाच जागी सगळं मिळेल. काय म्हणता?"

अण्णांनी माझ्या अस्तराचा पोत दोन बोटांत धरून बघितला. माल चांगला आहे म्हणाले. खुर्ची पुढं सरकवून मला बसवलं, चहा सांगितला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गोकुळ रोडला उमेश म्हणून एक आहेत. त्यांना विचारून सांगतो."